बॅटरी तर गाडीत होती

कानबाईच्या जागरणाची रात्र होती. चोवीस ऑगस्ट, सत्तेचाळीस साल. झेंडा लागून नऊ दिवस झाले होते आणि चावडीवरची पताकांची दोरी अजून कोणी सोडली नव्हती. घरात चौरंगावर नथ घातलेली कानबाई बसलेली, पुढे समई. गाणी म्हणून म्हणून बायकांचे घसे बसले, तशी घरच्या शेवंताबाईंनी चहा ठेवला आणि पोरीबाळी ओसरीवर तोताराम नानांच्या भोवती येऊन बसल्या.

चावडीतून रेडिओचा आवाज येत होता. परकी भाषा, भरभर.

"नाना, एक विचारू?" बेबा म्हणाली. "रेडिओ मद्रासी बोलतोय. गावात कोणाला एक शब्द कळत नाही. तरी पुना आबा तो बंद का करत नाहीत? दुसऱ्या गावात मराठी संपलं की लगेच बंद करतात."

"आबांना कळत असेल मद्रासी," कुंदा म्हणाली.

"डोंबल कळतं! त्यांना आपल्या मास्तरांचं मराठी कळत नाही."

पोरी हसल्या. नाना हसले नाहीत. त्यांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली.

"मघाशी भुताची गोष्ट मागत होता ना? मग हीच ऐका. पण मधून उठायचं नाही. आणि ऐकून झाल्यावर पुनाला काही विचारायला जायचं नाही. माझा जोडीदार आहे तो. घडलं ते त्याच्या बाबतीत घडलं, आणि त्यानं ते मला सांगितलं, तेव्हा त्याचे दात वाजत होते."

मग नानांनी गोष्ट सांगितली, ती अशी.

बेचाळीस साल. लढाई पेटलेली. लढाईच्या बातम्या लोकांना कळाव्यात म्हणून सरकारनं बोदवडच्या आसपासच्या दोनचार गावांना रेडिओ दिले, त्यातला एक आपल्या गावाला आला. लाकडी पेटी, पुढे कापड, खाली दोन बटणं. गावात वीज नाही, म्हणून पेटी चालायची बॅटरीवर. ती उतरली की बैलगाडीत घालून बोदवड, तिथून रेल्वेनं भुसावळ, तिथं भरून घ्यायची आणि तशीच परत आणायची. तीन दिवसांचं काम. पुनानं पूर्वी कापसाच्या जिनात इंजिनावर काम केलेलं, म्हणून पाटलांनी चावडीची किल्ली आणि पेटी त्याच्या हवाली केली. पुना त्या पेटीला लहान लेकरासारखा जपायचा. वर धूळ बसू द्यायचा नाही आणि बॅटरी एक घटका जास्त जळू द्यायचा नाही.

त्या वर्षी ब्रह्मदेश पडला. रंगूनला पोटासाठी गेलेली आपल्या देशाची लाखो माणसं जळवांनी भरलेल्या जंगलातून, डोंगरांतून पायी निघाली. कोण वाटेत राहिलं, कोण आसामात पोचलं, कोणालाच पत्ता नाही. तेव्हा संध्याकाळी रेडिओवर नावं वाचायला लागले. अमक्या गावचा अमका सुखरूप आहे, अमक्या छावणीत आहे, घरच्यांनी काळजी करू नये. आधी हिंदुस्थानीत, मग मराठीत, मग गुजरातीत, मग तेलुगूत, तमिळमध्ये. ज्या मुलखातली माणसं, त्या मुलखाची भाषा.

आपल्या गावातून एकच माणूस रंगूनला होता. धनसिंग. भुसावळच्या रेल्वेत फिटर होता, तिथून रंगूनच्या रेल्वेत गेला, चार वर्षं झाली होती. घरी त्याची बायको मंजुळाबाई. तिचं माहेर शिंदखेड्याकडचं. बोलणं तिकडचं, म्हणून आपल्या बायका तिला चिडवायच्या. पोटी मूल नाही. थोरला दीर कौतिक, त्याची बायको ताईबाई, एकाच चुलीवर सगळे.

मंजुळाबाईनं नेम धरला. रेडिओवर नावं होईपर्यंत तोंडात पाणी घालायचं नाही. बाईमाणसानं चावडीवर यायची तेव्हा रीत नव्हती, तरी रोज दिवेलागणीला ती यायची, बाहेरच्या खांबाआड बसायची, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून. प्रत्येक नावाला हात जोडायची. मराठीत सोलापूरचा कोणी, साताऱ्याचा कोणी. हिचा काय संबंध? तरी हात जोडायची.

पुढं गुजराती नावं लागायची. दुकानदार रतिलाल शेठ त्यासाठी थांबायचे. एके दिवशी त्यांच्या साडूचं नाव आलं! शेठ उठून उभेच राहिले, हातातली काठी खाली पडली. दुसऱ्या दिवशी गावभर पेढे. मंजुळाबाईच्या हातावर त्यांनी दोन ठेवले. म्हणाले, "बेन, हवे तमारो वारो." आता तुझी पाळी.

पण त्या दिवसापासून शेठ यायचे थांबले. गुजराती ऐकायला कोणी उरलं नाही. मग मराठी संपलं की पुना बटणाला हात घालायचा. कधी चुकून पेटी तेलुगूपर्यंत चालू राहिली, तर चावडीत हशा व्हायचा. "लाह्या फुटायला लागल्या, पुना, चूल विझव!"

मंजुळाबाई खांबाआडून म्हणायची, "राहू दे ना भाऊ घडीभर. त्या बी कोनाना तरी लेकरे शेतस."

"अगं वहिनी, आपल्याला कळतं का काही त्यातलं?"

"नाव तर समजी ना. हात जोडसू."

"आणि बॅटरी उतरली म्हणजे भुसावळला तू जाशील का डोक्यावर घेऊन?"

सगळे हसायचे. पुनाही हसायचा. खट्. बटण बंद. मंजुळाबाई मुकाट्यानं उठून जेवायला जायची.

पुना वाईट माणूस नव्हता. हे ध्यानात ठेवा.

श्रावण लागला. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. त्यातच ऑगस्टात चळवळ पेटली, कुठं तारा तोडल्या, कुठं रूळ उखडले, टपाल थकून भागून यायचं. आणि कानबाईचे रोट आले.

तुम्हाला माहीत आहेच, रोटाचे गहू आपण मुठीनं घेतो. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. म्हातारा असो, पाळण्यातला असो. घरात नसला, परगावी असला, तरी त्याची मूठ पडते. फक्त मेलेल्याची पडत नाही. कौतिकच्या घरात मुठी रविवारी पहाटे घ्यायचे. शुक्रवारी ताईबाईनं सगळ्यांदेखत विचारलं, "अवंदा धनसिंग भाऊजींची मूठ घ्यायची का?"

कौतिक खाली बघत म्हणाला, "रंगून पडून पाच महिने झाले. जिवंत असता तर एक अक्षर आलं नसतं? उगाच मेलेल्याची मूठ देवीच्या रोटात गेली, तर भाऊबंद काय म्हणतील? कानबाईच्या घरात असं चालत नाही."

म्हणजे काय, ते मंजुळाबाईला कळलं. मूठ पडली नाही, तर सोमवारी देवी बोळवली की बांगड्या फुटणार. मंगळवारी शिंदखेड्याची गाडी जुंपणार. ती एवढंच बोलली, "रविवारनी पहाटलोक थांबा दादा. अजून दोन सांजा शेतस."

पण बॅटरी गुरुवारीच उतरली होती. पुना ती घेऊन भुसावळला गेला होता.

शनिवार, बावीस ऑगस्ट. भुसावळला बॅटरी भरून तयार होती, पण गाड्यांचा ठिकाणा नव्हता. दुपारची गाडी रात्री आठला बोदवडला लागली. पुनानं स्टेशनाबाहेर ठेवलेली बैलगाडी जुंपली, बॅटरी ओल्या पोत्यात गुंडाळून मधोमध ठेवली, दोरीनं बांधली. दोन कोसांचा रस्ता. चंद्र होता, पण ढगांआड. पाऊस थांबलेला. दोन्ही बाजूला कपाशी उभी. मंजुळाबाईला दिलेला शब्द त्याला आठवत होता, सांज होण्याआधी परत येतो. सांज केव्हाच गेली होती.

गावाच्या अलीकडच्या नाल्यात गाडी उतरली, तेव्हा पुनाच्या कानावर रेडिओ आला.

आधी त्याला नवल वाटलं नाही. रोजचा आवाज. चावडीतून येतोय. तो मनात म्हणाला, चला, उशिरा का होईना नावं चालू आहेत, वहिनीचं काम झालं.

मग त्यानं मागे वळून बघितलं.

पोतं होतं. दोरी होती. त्यानं हात लावला. बॅटरी गाडीतच होती.

बैल थांबले. त्यानं हाकलले नाहीत, तेही हलले नाहीत. आवाज येतच होता. सरळ, स्वच्छ. नेहमी खरखर असते, तीही नाही.

पुना गाडी सोडून पायी निघाला. गल्लीत कोणी नाही. कुत्रंही नाही. प्रत्येक दार लावलेलं. एवढा मोठा आवाज, आणि एकही माणूस उठून बाहेर आलेला नाही...

चावडीला कुलूप होतं.

किल्ली त्याच्या कमरेला.

त्यानं कुलूप काढलं. आत मिट्ट अंधार. पेटी चालू असली की तिच्या काचेमागे बारीक पिवळा उजेड पडतो. तो नव्हता. तारा भिंतीवर मोकळ्या लोंबत होत्या, गुरुवारी त्यानंच सोडलेल्या. आणि अंधारातून एक माणूस बोलत होता. आपली भाषा नाही. त्याच लाह्या. भरभर, भरभर... मग सावकाश. जसं समोरच्याला समजावं म्हणून कोणी थांबून थांबून सांगतं, तसं.

"...धनसिंग..."

पुना दारातच थांबला.

"...बोदवड... आसुपत्रि... ज्वरं..."

मग परत भरभर. मग...

"...मंजुळाबाई."

थांबलं. पहिल्यापासून पुन्हा सुरू. धनसिंग. बोदवड. आसुपत्रि. ज्वरं. मंजुळाबाई. तीनदा.

पुनाचा हात आपोआप पुढं गेला. रोजची सवय. बटणाकडं. त्यानं बटण चाचपलं...

ते बंदच होतं.

आवाज गेला.

किती वेळ तो तिथं उभा होता, त्याचं त्याला माहीत नाही. मग तो पळाला. भीतीनं म्हणा, आनंदानं म्हणा. सरळ कौतिकच्या दाराशी. पहाट व्हायला आली होती. ताईबाई सूप घेऊन गव्हाच्या पोत्याशी बसलेली, कौतिक मूठ भरायला वाकलेला. मंजुळाबाई जात्याजवळ. तिनं तिसरा दिवस अन्न घेतलं नव्हतं. नावंच वाचली गेली नव्हती, तर जेवायचं कसं?

"नाव आलं!" पुना ओरडला. "धनसिंगचं नाव आलं! माझ्या कानांनी ऐकलं. बोदवड म्हणाले, मंजुळाबाई म्हणाले!"

"रेडिओवर?" कौतिकनं विचारलं. "बॅटरी कधी लावलीस?"

इथं पुना क्षणभर थांबला. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, कोणी सांगावं. पण समोर ती बाई हात जोडून उभी होती.

"रात्रीच लावली," तो म्हणाला. "कानबाईची शपथ, नाव ऐकलं."

शपथ खरी होती. बॅटरी खोटी होती.

कौतिकला रडू फुटलं. बिचारा, भाऊच तो. त्यानं स्वतःच्या हातानं धाकट्याची सव्वा मूठ सुपात टाकली. मंजुळाबाईनं ती दळली. रोट झाले, भाऊबंद जेवले, गंगाफळाच्या भाजीशी रोट मोडून मोडून खाल्ले. त्या रात्री जागरणात ती बाई अशी गायली म्हणे, की तिला चिडवणाऱ्या बायका तिच्याच चालीत गायला लागल्या.

सोमवारी देवी बोळवून पुना आणि कौतिक बोदवड स्टेशनात गेले. रुळांवर काम करणाऱ्या टोळीत अप्पण्णा नावाचा एक तेलुगू माणूस होता. पुनानं त्याच्यापुढं ते शब्द जसे ऐकले तसे बोलून दाखवले. अप्पण्णाचा चेहरा बदलला.

"ये तो हमने सुना है," तो म्हणाला. "भुसावळ कॉलनीमें. सब लोग सुनते थे."

"परवा ना? शनिवारी?"

"नहीं, नहीं. जूनमें. बारिश शुरू हुई तब. तीन दिन बोला, रोज शाम."

मग त्यानं अर्थ सांगितला. धनसिंग एका तेलुगू गँगवाल्याबरोबर चालत आला होता. छावणीत पोचला तोवर ताप डोक्यात गेलेला, त्याला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. त्याचा हात धरून आणणाऱ्या त्या जोडीदारानं स्वतःचा निरोप दिला, त्यातच ह्याचाही घातला. आपल्या भाषेत. त्याला दुसरी येत नव्हती. 'माझ्याबरोबर धनसिंग आहे, बोदवडकडचा. दवाखान्यात आहे, ताप आहे. बायकोला मंजुळाबाईला सांगा, कोणीतरी लवकर या. माझं नाव घेत नाही, तिचंच घेतो.'

कौतिकनं तिथूनच छावणीला तार केली. उत्तराला पंधरा दिवस लागले. इंग्रजीत कागद आला, मास्तरांनी चावडीत वाचला. धनसिंग अकरा जुलैला गेला. निरोप वाचला गेला त्याला तेव्हा तीन आठवडे झाले होते. खाली कोणा नर्सनं हातानं दोन ओळी लिहिल्या होत्या. ताप उतरला की तो दाराकडं तोंड करून बसायचा, घरून कोणी आलं का म्हणून विचारायचा.

तीन आठवडे. आसाम लांब, कबूल. पण आठ-दहा दिवसांत माणूस पोचतो.

मग सगळं फिरलं. मेलेल्याची मूठ रोटात गेली होती, सगळ्या भाऊबंदांच्या पोटात गेली होती. ताईबाई दारात उभी राहून ओरडली, "पांढऱ्या पायाची! देवीला बाटवलं, घर बाटवलं!" कौतिकनं मान फिरवली. गाडी जुंपायला सांगितली तेवढी.

पुना चावडीच्या पायरीवर बसला होता. गाडी समोरून निघाली, ती थांबली. मंजुळाबाई उतरली. हात ओकेबोके. पुना तिच्या पायांवर पडायला गेला. मग सगळं सांगितलं. बॅटरी, कुलूप, खोटं. तीन संध्याकाळी बटण कोणी बंद केलं, तेही सांगितलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं तो आजही म्हणतो.

"भाऊ," ती म्हणाली, "त्या तिन्ही सांजले मी घर गयी नव्हतू. मी आठेच बठेल व्हतू."

इथंच, खांबाआड बसलेली. पुनानं त्या खांबाकडं पाहिलं.

मग ती म्हणाली, "आते नको बंद करू. कोनी ना कोनी बठेल ऱ्हास." आणि गाडीत चढली. पुढच्या वर्षी शिंदखेड्याहून निरोप आला, वारली म्हणून. तिकडं तिनं नेम सोडला नव्हता म्हणतात. ह्यावेळी दुसऱ्यांच्या लेकरांसाठी.

नाना बोलायचे थांबले. चावडीतला आवाज अजून चालू होता.

"म्हणजे," बेबा हळूच म्हणाली, "तो आवाज धनसिंगचा होता?"

"मला काय माहीत? मी तिथं नव्हतो."

"मनाचा खेळ असेल," कुंदा म्हणाली. तिला मनाचा खेळच हवा होता. "पुना आबा थकलेले. अंधार. कधीतरी ती नावं कानावर पडली असतील, बटण बंद करता करता..."

"मीही त्याला तेच म्हणालो," नाना म्हणाले. "ह्याच शब्दांत."

"मग?"

"मग त्यानं मला काडेपेटी दाखवली. रविवारी, उजाडताना. कौतिककडून परत येऊन त्यानं चावडीत कंदील लावला, पेटी पुसायला गेला, तेव्हा बटणावर त्याला ते दिसलं. त्यानं काडीनं उचलून काडेपेटीत घातलं आणि माझ्याकडं आला."

"काय?"

"जळू."

पोरी एकमेकींजवळ सरकल्या.

"आपल्या डबक्यात म्हशींना लागते, ती काळी, ती नव्हे. बारीक, तपकिरी, पाठीवर पिवळी रेघ. तशी मी त्याआधी पाहिली नाही, त्यानंतर नाही. कोरड्या लाकडावर, कुलूप लावलेल्या खोलीत, बटणाला चिकटलेली. रक्त पिऊन टच्च फुगलेली. मी काडीनं दाबली, तर लाल, ताजं रक्त आलं. मी पुनाची दहाही बोटं कंदिलाशी धरून पाहिली, पाय पाहिले, पाठ पाहिली..."

नानांनी चहाची रिकामी बशी उचलली, परत खाली ठेवली.

"त्याच्या अंगावर कुठं एक ओरखडा नव्हता."